बुडालेल्या जहाजावर आमची हवा

या सहलीचं वर्णन मी पूर्वी एकदा लिहिलं आहे. आमच्या ट्रेनिंग स्कूलच्या वार्षिक अंकात ते छापून आलं होतं, दोन पानं आणि बंदराचा एक काळपट फोटो. त्यात समुद्र निळाशार आहे, विद्यार्थी उत्साही आहेत आणि एकाच दिवशी सूर्य दोनदा मावळतो, कारण मुद्रितं तपासताना माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. खोटं म्हणावं असं त्यात थोडंच आहे. जे घडलं ते मात्र त्यात कुठेच नाही. ते आता लिहितो. ज्यांनी मालवणकडचा किनारा पाहिलेला नाही त्यांना तो थोडा दिसेल, आणि माझं जे काही दिसेल ते दिसो.

चिंचवड : नववा रकाना

मी चिंचवडगावात राहतो आणि कारखान्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये कॉम्प्रेसर शिकवतो. कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबणारं यंत्र. एका बाजूने साधी हवा ओढायची, दाबायची आणि दुसऱ्या बाजूने टाकीत भरायची. दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच वाक्य लिहितो : 'आधी बघा, यंत्र श्वास कुठून घेतंय.' मुलं ते वहीत उतरवून घेतात. काही जण त्याच्याखाली दोन रेघा मारतात.

आमच्याकडे अभ्याससहलीचा एक छापील फॉर्म असतो. त्यातला नववा रकाना असा : 'तयार मालाचा वापर विद्यार्थ्याने स्वतः केला काय? होय / नाही.' हा फॉर्म आल्यापासूनच्या अकरा वर्षांत मी तिथे एकदाही 'नाही' लिहिलं नव्हतं. बिस्किटांच्या कारखान्यात मुलांनी बिस्किटं खाल्ली. साबणाच्या कारखान्यात अंगणातल्या नळाखाली पाळीपाळीने आंघोळ केली. छत्र्यांच्या कारखान्यात गेलो तेव्हा मे महिना होता, तरी आम्ही पंधरा मिनिटं छत्र्या उघडून रांगेत उभे राहिलो. खताच्या कारखान्यात जरा अडचण झाली, पण गेटापाशी एक जास्वंद होती.

आणीबाणी उठल्यानंतरचा तो हिवाळा. मालवणच्या खालच्या अंगाला एका लहानशा बंदरात बाबीशेठ म्हणून एक गृहस्थ होते. नौदलात पाणबुड्याचं काम करून निवृत्त झालेले, आता बुडालेल्या जहाजांतून भंगार काढायचे. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून ते खाली जात. हे सिलिंडर भरायला त्यांनी लिलावात एक कॉम्प्रेसर घेतला होता आणि तो बंद पडल्यावर ट्रकमध्ये घालून आमच्याकडे पाठवला होता. माझ्या मुलांनी चार महिने खपून तो सगळा खोलला, झडपा घासल्या आणि परत चालू केला. बाबीशेठनी पोस्टकार्ड टाकलं : 'यंत्र झकास चालता. पोरांक घेऊन बघूक येवा.'

मोठ्या साहेबांनी सहल मंजूर केली आणि फॉर्म पुढे सरकवला.

"तयार माल काय?" त्यांनी विचारलं.

"हवा," मी म्हणालो.

"मग रकाना नऊ?"

"एखाद्या टायरमध्ये भरू, सर."

साहेबांनी चष्मा काढला. "तो वापर टायरनं केला. विद्यार्थ्याने कुठे केला?"

मला तिथेच म्हणता आलं असतं, की या वेळी 'नाही' लिहू. एवढा एक शब्द. पण माझा स्वभाव असा, की कोरा रकाना दिसला की तो मला माझीच चूक वाटतो. मी म्हणालो, "बघतो काहीतरी."

घाटाखाली

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. बारा मुलं, एक एसटी, कोल्हापूरच्या अलीकडे एक पंक्चर. मुलांनी भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती कराडपर्यंतच संपली. सगळ्यांच्या अंगावर खाकी गणवेश आणि पायांत लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट, कारण सहल कामाची होती आणि कामावर बूट सक्तीचे.

बारांपैकी दोघांची ओळख करून देतो. मिलिंद पिंपरीचा. त्याचे वडील औषधांच्या कारखान्यात होते. पोरगा डोक्याने तल्लख आणि जिभेने त्याहून. दुसरा सोपान, देहूचा. घरी इंद्रायणीकाठी शेती. थेट नदीतच वाढलेला, त्यामुळे पोहायला पट्टीचा. गळ्यात तुळशीची माळ. माळकरी घरातला म्हणजे मांस-मच्छी नाही, आणि त्याच्या घरी तर शेजाऱ्याकडे सुकट भाजली तर खिडकी लावून घ्यायचे. फळ्यावरच्या वाक्याखाली दोन रेघा मारणाऱ्यांतला हा एक.

घाट उतरताना मिलिंदने त्याला छेडलं, "सोपानराव, कोकणात तुळशीला पण माशाचं पाणी घालतात म्हणे."

"घालू दे," सोपान म्हणाला. "मी कुठं तुळस खायला चाललोय? मी जहाज बघाया चाललोय."

त्याने जहाज चित्रातही धड पाहिलेलं नव्हतं. पण इंजिनाची खोली कशी असते, हे त्याला बघायचंच होतं. तो मला वाटेत चारदा म्हणाला, "सर, जहाजात बी कॉम्प्रेसर असतोच की."

बंदर : भोंग्याशिवायचा दिवस

आमच्याकडे दिवस भोंग्यावर चालतो. पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की चिंचवडमध्ये रविवारीही माणसं उठून बसतात. इथे भरती-ओहोटीवर सगळं. "किती वाजता निघायचं?" म्हणून मी बाबीशेठना विचारलं, तर ते म्हणाले, "पाणी इला काय." पाणी रोज वेगळ्या वेळी येतं आणि कोणीही त्याला लेट मार्क लावत नाही, याचं मुलांना फार नवल वाटलं.

बंदर म्हणजे माडांची एक रांग, काळ्या खडकाची जीभ समुद्रात गेलेली आणि पाच-सहा होड्या. खडकाच्या मुळाशी शेवंतीकाकींची झावळ्यांची खानावळ. काकी बाबीशेठच्या थोरल्या वहिनी. दिवसभर चूल पेटलेली आणि त्यांचं बोलणंही तसंच अखंड. आमच्यासाठी त्यांनी जाडा लाल भात, सोलकढी आणि तळलेली सुरमई केली होती. सोपानसाठी आणि माझ्यासाठी वेगळं वालाचं बिरडं. मीही शाकाहारी घरातला. माझ्या आईने आयुष्यात अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

आता अंकात नव्हतं ते सांगतो. सगळे जेवून उठल्यावर मी पाणी मागायला चुलीपाशी गेलो. काकींनी एक तुकडी माझ्या हातावर ठेवली. "खावा हो मास्तर, कोण बघता?" कोणीच बघत नव्हतं. मी खाल्ली. शेहेचाळीस वर्षांचा होतो मी. वरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखी. मग दुसरी खाल्ली. हात राखेने तीनदा धुतला, तरी बोटांचा वास जाईना. खरं सांगायचं तर तो जावा असं मला वाटतही नव्हतं.

दुपारी बाबीशेठनी मुलांना कमरेइतक्या पाण्यात नेऊन, सिलिंडरच्या नळीचा रबरी तुकडा तोंडात धरून श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं. अकरा जण खोकत बाहेर आले. सोपान पाण्याखाली बसून राहिला. बराच वेळ झाला तसा बाबीशेठनी त्याला केसाला धरून वर काढला.

"ह्यो पोरगो माझ्याबरोबर खाली येतलो," ते म्हणाले.

नववा रकाना असा सुटला.

दुसरा दिवस : सावली

सिलिंडर दोन होते. एक आधीच भरलेला होता, तो बाबीशेठचा. दुसरा आम्ही भरायचा, आमच्या हाताने दुरुस्त केलेल्या यंत्रावर, आणि तोच सोपानने वापरायचा. तरच तो 'तयार माल' झाला असता. या मुद्द्यावर मी फार काटेकोर होतो.

सकाळी बाबीशेठ होडी घेऊन गेलेले असताना सोपानने कॉम्प्रेसर खडकाच्या टोकावर लावला. हवा ओढायची नळी वाऱ्याकडे तोंड करून एका काठीला बांधली. शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर. पण खडकावर सावली नव्हती. आणि येताना खानावळीपाशी मला वास आला होता. काकी बांगडे तळत होत्या.

मी म्हणालो, "यंत्र तापेल इथं. खानावळीच्या आडोशाला घ्या."

सोपान घुटमळला. "सर, तिथं चूल हाय की."

"नळीचं तोंड वर कर. धूर खाली राहतो."

हे वाक्य मी उच्चारलं. वीस वर्षं हवा शिकवणाऱ्या माणसाने. धूर वर जातो, हे तीन वर्षांच्या मुलाला कळतं. सोपानला कळत होतंच. पण आमच्याकडे सरांनी सांगितलं की सांगितलं. मुलांनी यंत्र उचलून चुलीपासून सहा पावलांवर आणलं, नळीचं तोंड वर केलं आणि मी काकींच्या ओट्यावर बसून देखरेख करू लागलो. यंत्राच्या हवागाळणीतला कोळसा जुना झाला होता. तो उद्या बदलू, असं मी ठरवलं. यंत्र धडधडत होतं, चुलीत ओली लाकडं धुमसत होती आणि काकी अधूनमधून केळीच्या पानात काहीतरी गुंडाळून माझ्याकडे सरकवत होत्या. सिलिंडर भरेपर्यंत मी तीन बांगडे खाल्ले.

तिसरा दिवस : सात मिनिटं

जहाज किनाऱ्यापासून दीडेक मैलावर बुडालेलं होतं, चाळीस फूट पाण्याखाली. माझ्या लहानपणी कधीतरी वादळात सापडलेली मालबोट. पाणी इतकं स्वच्छ की होडीतून खाली एक लांबट काळी सावली दिसत होती, मोठं जनावर निजल्यासारखी.

सोपान तयार झाला. अर्धी चड्डी, पाठीवर आमचा सिलिंडर, गळ्यात माळ आणि पायांत सेफ्टी बूट.

बाबीशेठ बघतच राहिले. "हे बूट घालून समुद्रात जातलंस?"

"सरांनी सांगितलंय," सोपान म्हणाला. "कामावर काढायचं न्हाईत."

बाबीशेठनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. "बरा," ते म्हणाले, "बुडूक शिशाचो एक तुकडो कमी लागात."

"भावा, खाली कुणी पाय दिला तर अंगठा शाबूत," मिलिंद म्हणाला.

दोघे पाण्यात उतरले. मी एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात फॉर्म धरून उभा. बुडबुड्यांच्या दोन रांगा वर येत होत्या. एक मिनिट, दोन मिनिटं. तो खाली काय बघत असेल, याचा अंदाज प्रत्येक जण बांधत होता. सहावं मिनिट संपलं आणि बुडबुड्यांची एक रांग एकदम वर सरकू लागली. मागोमाग दुसरी. सोपानचं डोकं पाण्याबाहेर आलं. त्याने तोंडातला रबरी तुकडा थुंकून टाकला आणि ओरडला,

"सर! आत मासं तळत्यात!"

होडीतल्या सगळ्यांनी वाकून खाली जहाजाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"जहाजात?" मिलिंदने विचारलं.

"जहाजात न्हाई! बाटलीत! हवेत!" त्याने होडीची कड धरली. "सर, माज्या नरड्यात बांगडा गेला. माळ बाटली माजी."

होडीत असं हसणं उसळलं की होडी एका बाजूला कलली. बाबीशेठ वर आले ते चिडलेले. "झिलग्या, घाबरलंस तर घाबरलंस म्हण. माशाक कित्या नाव ठेवतंस?"

सोपान होडीत चढला आणि वाकून ओकला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. कपाळ दोन्ही हातांनी दाबून तो म्हणाला, "डोकं फुटतंय, सर. पाय बी माजं न्हाईत असं वाटतंय."

मी तो रबरी तुकडा उचलून नाकाशी धरला. पहिल्यांदा बांगडा. मग माशाला लावलेलं त्रिफळ, खोबरेल. आणि त्या सगळ्याच्या खाली, हळूच, लाकडाचा धूर. मी मान वळवून किनाऱ्याकडे पाहिलं. दीड मैलावरूनसुद्धा दिसत होता, खानावळीच्या छपरातून निघालेला निळा धूर.

धुमसत्या चुलीची हवा माणसाला कशी मारते, हे मी दरवर्षी शिकवतो. वास नसतो त्या विषाला. आधी डोकं दुखतं, मग पाय जड होतात, मग माणसाला छान झोप येते. पाण्याखाली दाब वाढतो तसं ते दुप्पट भिनतं. बारांतला दुसरा कोणी असता, मासे खाणाऱ्या घरातला, तर त्याला खाली वास आला असता आणि तो म्हणाला असता, वा, जेवण तयार दिसतंय. आणि तो खालीच राहिला असता. सोपान वर आला तो केवळ त्याला बांगड्याची शिसारी होती म्हणून.

आणि मी काय केलं? सिलिंडरची चावी फिरवून सगळी हवा सोडून दिली. पुरावाच नाहीसा केला. फुस्स आवाज होत राहिला आणि भर समुद्रात होडीवर तळलेल्या बांगड्याचा असा वास सुटला की दोन समुद्रपक्षी येऊन घिरट्या घालू लागले.

"सर, भूक लागली," कोणीतरी म्हणालं.

संध्याकाळी बाबीशेठ माझ्यापाशी येऊन बसले. विडी पेटवली. मग खालच्या आवाजात विचारलं, "मास्तर, यंत्राची नळी खंय होती काल?"

"वाऱ्याकडे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी उठून पाहतो तर कॉम्प्रेसर खडकाच्या टोकावर होता, सोपानने मुळात लावला होता तिथेच. त्यांनी एकट्याने तो कसा नेला, देव जाणे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

फॉर्म तर मी आदल्या दुपारीच भरला होता. रकाना नऊ : होय. कालावधी : सात मिनिटे. शेरा : समाधानकारक.

परतीची वाट

एसटीत सोपान माझ्याशेजारी बसला. डोकं दुखायचं थांबलं होतं. मागून मिलिंदची टोळी दर गावाला हाक मारत होती, "ओ तळलेले! खिडकी उघडा, वास येतोय." सोपान ऐकून घेत होता. सगळ्यांचं मत एकच होतं, की वास असेलही, पण तो घाबरला आणि वर आल्यावर माशाचं निमित्त केलं. मी एकट्याने तोंड उघडलं असतं तर ते मत तिथेच संपलं असतं. मी खिडकीतून ऊस बघत राहिलो.

"काय दिसलं रे खाली?" मी शेवटी विचारलं.

त्याचा चेहरा खुलला. "सर, जहाज कुशीवर हाय. म्हंजे भितीवरनं चालायचं. आन् आत सिमिटाची पोती हायत, हजार असतील. दगूड झाल्यात सगळी. गोणपाट कुजून गेलंय, पर शिवण तेवडी दिसतीय, दगडावर."

मागून मिलिंद ओरडला, "हजार पोती सिमेंट? परमिटशिवाय? अरे, मग वर कशाला आलास!" त्या वर्षी सिमेंटच्या एका पोत्यासाठी माणसं महिनामहिना कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती.

सोपान हळू आवाजात मला म्हणाला, "इंजिनाच्या खोलीच्या दारात पोचलो हुतो, सर. हात लावला दाराला. वास पयल्यापासनं हुता, म्हटलं रबराचा आसंल. तितं वळीखला." मग म्हणाला, "आता पुन्हा काय बघाया मिळत न्हाई."

देहू : सात एकादश्या

परतल्यावर दीड महिना गेला. एके दिवशी मिलिंद माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं.

"सर, तुम्ही सोपानला सांगा जरा. आज लेथ मशीनवर चक्कर आली त्याला. मी मागून धरला म्हणून, नाहीतर हात गेला असता आत. पाणीसुद्धा पीत नाही एकादशीला."

"का?"

"त्या बांगड्यामुळे, सर. आम्ही चेष्टा केली, पण त्यानं खरंच मनावर घेतलंय राव."

मग त्याने सगळं सांगितलं. सोपानने घरी जाऊन वडिलांना कबुली दिली होती. वडिलांनी गावातल्या तीन जाणत्यांना नदीच्या घाटावर बसवलं. प्रश्न अवघड होता. मासा खाल्ला तर काय करायचं हे सर्वांना ठाऊक होतं, मासा ओढला तर काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एक जण म्हणाले, वास म्हणजे खाणं नव्हे. दुसरे म्हणाले, वास नाकाने घेतात, याने तोंडाने घेतला. तिसऱ्यांनी विचारलं, किती वेळ? सोपान म्हणाला, सात मिनिटं, सरांनी घड्याळ लावलं होतं. मग ठरलं. नवी माळ घालायची आणि मिनिटाला एक याप्रमाणे सात एकादश्या निर्जळी.

तीन झाल्या होत्या. तिसरी आज, लेथवर.

मी आधी मोठ्या साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, चूल, नळी, बांगडे. फॉर्म दुरुस्त करायला मागितला. साहेबांनी फाईल काढून पाहिली. "रकाना नऊला होय आहे ना?"

"आहे. पण ती हवा खराब होती, सर."

"खराब होती का, असा रकाना नाही," ते म्हणाले आणि फाईल बंद केली. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

रविवारी सकाळी मी देहूला गेलो. सोपान आणि त्याचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, घाटाच्या पायरीवर बसले होते. पाण्यात मोठाले मासे अगदी खालच्या पायरीपर्यंत येत होते. इथे त्यांना कोणी पकडत नाही आणि ते त्यांना माहीत आहे. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर गप्पा निघाल्या असत्या आणि मी पुन्हा पळवाट काढली असती.

"अण्णा, त्यात सोपानची काही चूक नाही. त्यानं यंत्र बरोबर लावलं होतं. मी ते चुलीजवळ आणायला लावलं. त्या हवेत धूर होता. तो सात मिनिटांत वर आला नसता तर मेला असता. तो घाबरला नव्हता. मी घाबरलो, म्हणून गप्प बसलो."

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी चार पायऱ्या खाली उभा होतो, त्यामुळे मला मान वर करावी लागत होती.

"पोरगं मेलं असतं?" ते म्हणाले.

"हो."

"आन् हे तुमी दीड महिन्यानं सांगताय."

"हो."

सोपान मध्येच म्हणाला, "पर सर, चुलीपाशी का आनलं? तुमीच तर फळ्यावर लिवता."

याचं उत्तर मी वाटेत दहा तऱ्हांनी ठरवून आलो होतो. सावलीचं, यंत्र तापण्याचं. तोंडातून आलं ते असं : "मला मासे खायचे होते."

इंद्रायणीतले मासे हालले. मला तरी तसं वाटलं.

"तुमी?" सोपान म्हणाला. "तुमच्या संगं तर मी बिरडं खाल्लं."

"ते सगळ्यांसमोर. नंतर चुलीपाशी. दोन तुकड्या सुरमई आणि दुसऱ्या दिवशी तीन बांगडे."

अण्णांच्या मिशीखाली काहीतरी झालं. राग होता की दुसरं काही, मला अजून सांगता येत नाही. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि न्यायनिवाडा करावा तसं म्हणाले, "सात मिंटं सांगितली व्हती. तीन पोरानं केली. ती गेली, त्याला विलाज न्हाई. ऱ्हायलेली चार तुमची. पानी बी न्हाई."

"बरं," मी म्हणालो.

"आन् पोराला पुन्हा न्या. त्या खोलीचं रोज सांगतंय, दार दिसलं, दार दिसलं. आमाला झोपू देत न्हाई."

मी सोपानकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती, पण कान लाल झाले होते.

सोमवारी मी वर्गात हे सगळं पुन्हा सांगितलं, बाराजणांसमोर. सुरमईसकट. मिलिंद शेवटच्या बाकावरून उठला, सोपानपाशी गेला आणि म्हणाला, "तळलेले तुम्ही नव्हे राव, तळलेले सर."

पुन्हा बंदर

चैत्र लागला होता. या वेळी फॉर्म नव्हता. सोपान आणि मी, रजा टाकून. माझी चौथी एकादशी नेमकी त्याच दिवशी आली, किंवा मी तो दिवस तसा धरला.

बाबीशेठना मी खडकावर बसवून खरं सांगितलं. ते म्हणाले, "माका ठाऊक होता. तुमी कधी सांगतात ता बघत होतंय." शेवंतीकाकींना मी हात जोडून सांगितलं, की दुपारपर्यंत चूल पेटवू नका. त्यांनी ते शेजारणींना सांगितलं, शेजारणींनी पुढे. त्या सकाळी साऱ्या बंदरात एकही चूल पेटली नाही. होडीवरचे गडी कालचा भात खाऊन माझ्या नावाने पुटपुटत होते. कॉम्प्रेसर खडकाच्या टोकावर, नळी वाऱ्याकडे, गाळणीत नवा कोळसा. सिलिंडर भरेपर्यंत मी नळीच्या तोंडाशी उभा राहिलो. एकाने लांबवर विडी पेटवली तर मी धावत गेलो.

निघताना काकींनी झाकून ठेवलेली ताटली पुढे केली. कालचीच सुरमई. "मास्तर, थंड आसा, पण तुमका आवडता."

"आज एकादशी आहे, काकी."

"अगो बाय! गेल्या खेपेक एकादशी खंय होती?" त्यांनी साऱ्या बंदराला ऐकू जाईल असं विचारलं. सोपान होडीत बसून मोठ्याने हसला. त्याला असं हसताना मी प्रथमच पाहिलं. पायांत त्याने काही घातलं नव्हतं. बूट मी चिंचवडलाच ठेवायला लावले होते.

दोघे खाली गेले. माझ्या घशाला कोरड पडली होती आणि भोवती नजर जाईल तिथवर पाणी होतं. मी घड्याळ धरून उभा. पाचवं मिनिट, सहावं. सातव्या मिनिटाला मी घड्याळ कानाशी धरून पाहिलं. आठवं गेलं. बुडबुडे एका जागी शांतपणे येत राहिले. बारा. पंधरा. बाविसाव्या मिनिटाला त्याचं डोकं वर आलं. त्याने सावकाश तोंडातला रबरी तुकडा काढला आणि वारा आत ओढून घेतला.

"काय दिसलं?" मी विचारलं. "खोलीत गेलास?"

त्याने मान डोलावली आणि होडीची कड धरली.

"सर," तो म्हणाला, "हवेला कसलाच वास न्हाई."

तेव्हा कुठे मी होडीत खाली बसलो.